समर कोर्सला बोलोन्याला चाललेय, तिथे कुकिंग क्लास लावू का?

तिरकी_रेघ
नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुभूद्याघ्या.

मी आर्किटेक्चर करतेय, राहते कर्वेनगरला. यंदा जून-जुलैत इटलीला, बोलोन्याला एका समर कोर्सला चाललेय. विषय जुन्या शहरांचं जतन. सकाळी लेक्चर, दुपारी साइटवर स्केचिंग आणि मोजमापं, संध्याकाळ मोकळी. त्या संध्याकाळींसाठी त्यांनी ऐच्छिक म्हणून कुकिंग क्लास ठेवलाय, आठवड्यातून एकदा, पण त्याचे पैसे वेगळे, अडीचशे युरो. म्हणजे पंचवीस हजारांच्या घरात. बाबा म्हणतात काय ते एकदाच ठरव आणि मला आकडा सांग. आई म्हणते, इथे वर्षभर कणकेला हात लावला नाहीस आणि आता युरो भरून तिकडे शेवया करायला शिकणार का.

मी अंडं खाते, बाकी मांसमच्छी नाही, तर अशा क्लासमध्ये निम्मा वेळ नुसतं बघत बसावं लागेल का? आणि शिकायला गेल्यावर हे असलं काही करणं म्हणजे निव्वळ चैन, की खरंच काही हाताला लागतं? ज्यांनी परदेशात शिकताना असा क्लास केलाय त्यांनी प्लीज लिहा. न केलेल्यांनीही लिहा, नाहीतरी लिहिणारच आहात :)

कोथरूडचा_काका
शेवटच्या वाक्याला पैकीच्या पैकी मार्क. बाकी आईंना अनुमोदन. खुर्ची टाकून बसलोय.

भटकभवानी
मी मोदेनाला मास्टर्स केलंय, बोलोन्याहून ट्रेनने अर्धा तास, त्यामुळे थोडं हक्काने लिहिते.

आधी क्लास कसला आहे ते विचार. पर्यटकांसाठी जे असतात त्यात तीन तासांत पास्ता, सॉस, तिरामिसू, वाइनचा ग्लास आणि अ‍ॅप्रन घालून फोटो असं सगळं बसवलेलं असतं. पीठ बऱ्याचदा आधीच मळून ठेवलेलं, कारण मळल्यावर ते अर्धा तास तरी झाकून ठेवावं लागतं आणि तेवढा वेळ तिथे कोणाला असतो? त्याचेही शंभराच्या आसपास युरो घेतात. तुझा आठवड्याला एक असा महिनाभर चालणार असेल तर तो त्या जातीचा नाही, आणि त्या मानाने महागही नाही.

त्या सगळ्या पट्ट्यात, म्हणजे एमिलिया-रोमान्यात, पास्ता अंड्याचा. शंभर ग्रॅम मैद्याला एक अंडं, पाणी नाही, मीठही बहुतेकजणी घालत नाहीत. लाटणाऱ्या बायकांना स्फोल्यीना म्हणतात आणि त्यांचं लाटणं जवळजवळ मीटरभर लांब असतं. लाटायचं लाकडी फळीवरच, संगमरवरी ओट्यावर नाही, कारण लाकडाचा खरखरीतपणा पोळीला लागतो आणि मग तिच्यावर सॉस धरून राहतो. मशीनमधून काढलेली गुळगुळीत होते, तिच्यावरून सॉस घरंगळतो. पोळी एवढी मोठी होते की तिची कड टेबलाखाली लोंबती सोडतात, म्हणजे वरच्या बाजूने लाटताना ती ताणलेली राहते. हे डोळ्यांनी बघून समजतं पण हाताला समजत नाही, शेजारी कोणीतरी उभं राहून "दाबू नकोस, लांब ढकल" असं ओरडावं लागतं.

माझं मत, लाव.

अर्धा_कप
हे सगळं यूट्यूबवर फुकट आहे. अंडं, मैदा, लाटणं. रॉकेट सायन्स नाहीये. पंचवीस हजारात इथे चांगला ओव्हन येतो.

भटकभवानी
@अर्धा_कप, ओव्हन येतो खरा, मग त्यात जुनी वर्तमानपत्रं आणि जास्तीचे डबे ठेवतात.

कोथरूडचा_काका
आमच्या घरचा फोटो कोणी काढला?

हिशेबनीस
भावनेच्या भरात निर्णय नको. तिथे खर्च कसा होतो ते आधी बघ. हॉटेलात बसलं की 'कोपेर्तो' म्हणून माणशी दोन-तीन युरो नुसते टेबलाचे लावतात, कॉफी उभ्याने प्यायली तर एक दर आणि बसून प्यायली तर दुसरा. बाहेर जेवून रोजचे पैसे जातील. त्यापेक्षा हॉस्टेलला किचन असेल तर स्वतः कर, आणि ते अडीचशे युरो रेल्वेला घाल. तू आर्किटेक्चरची ना, मग राव्हेन्नाची मोझेक बघ, पाचव्या-सहाव्या शतकातली आहेत, बोलोन्याहून साध्या लोकलने सव्वा तासात पोचतेस. विचेन्झाला जा, पाल्लादिओ या जुन्या आर्किटेक्टच्या इमारती आहेत. पास्ता काय, तो पुण्यात परतल्यावरही मिळेल.

प्लिंथ_लेव्हल
हिशेबनीस यांच्याशी राव्हेन्नापुरता सहमत. (मी पण आर्किटेक्ट, हल्ली मुख्यतः पार्किंगचे ड्रॉइंग काढतो.)

पण बोलोन्यात नुसतं चालण्यातही खूप आहे. शहरभर मिळून ६२ किलोमीटरचे पोर्टिको (खांबांवरच्या मजल्याखालचे झाकलेले पदपथ) आहेत, २०२१ ला युनेस्कोच्या यादीत आले. गंमत म्हणजे ते मुळात जागेच्या हावेतून आलेले. मध्ययुगात विद्यापीठामुळे शहरात माणसं वाढली, लोकांनी वरचे मजले रस्त्यावर पुढे काढले, खाली खांब दिले. नगरपालिकेने पाडायच्या ऐवजी १२८८ मध्ये उलट नियमच केला की नव्या घराला पोर्टिको पाहिजेच, आणि उंची अशी की घोडेस्वार खालून जाऊ शकेल. आपल्याकडे बाल्कनी आत घेतली की नोटीस येते.

ता.क. असिनेल्ली मनोऱ्यावर पदवी मिळायच्या आत चढायचं नाही अशी तिथल्या विद्यार्थ्यांत अंधश्रद्धा आहे, चढलं की डिग्री होत नाही म्हणे. शेजारचा गरीझेंदा कलल्यामुळे २०२३ पासून तो भाग तसाही बंद केला होता, जायच्या आधी बघून घे.

शुद्धशाकाहारी_तरीवाला
मूळ प्रश्नातला शाकाहाराचा मुद्दा सगळ्यांनी सोडून दिलाय. ताई, पार्मेझान चीज शाकाहारी नसतं. वासराच्या जठरातलं रेनेट घालतात. मी रोममध्ये आठवडाभर आनंदाने किसून किसून खाल्लं आणि मग एका मित्राने विमानतळावर सांगितलं. मित्र कसला.

तिरकी_रेघ
काय सांगता! मी तर व्हेज म्हणून आजवर पिझ्झावर डबल घेत आलेय.

डॉ_दही
घाबरू नका, नीट सांगतो, फूड टेक्नॉलॉजी हेच खातो-पितो.

दूध फाटवून घट्ट करायला एकतर आम्ल लागतं (आपलं पनीर) किंवा एन्झाइम. चीजला एन्झाइम, म्हणजे रेनेट. ते परंपरेने वासराच्या चौथ्या जठरातून काढतात. पण कित्येक वर्षं ते बुरशीपासून आणि किण्वनानेही बनवतात, अमूलसारख्या आपल्याकडच्या कंपन्या तेच वापरतात, त्यामुळे तू इथे जे डबल घेतेस ते बहुधा चालण्यातलंच असेल.

पण पार्मिज्यानो रेज्यानो, म्हणजे अस्सल पार्मेझान, हे नाव कायद्याने राखलेलं आहे. ठरावीक जिल्ह्यांतच बनवायचं, कमीत कमी १२ महिने मुरवायचं आणि वासराचंच रेनेट घालायचं. म्हणजे ते नाव लावून शाकाहारी पार्मिज्यानो असूच शकत नाही. ग्राना पादानोलाही तेच, पेकोरिनो रोमानोला कोकराचं. दुकानात पाकिटावर 'काल्यो व्हेजेताले' (वनस्पतीचं रेनेट) किंवा 'काल्यो मिक्रोबिको' (सूक्ष्मजीवांचं) लिहिलंय का बघायचं, तसं चीज मिळतं. तिरामिसूत जातं ते मऊ मास्कारपोने चीज मात्र आम्लाने करतात, तेव्हा तिरामिसू खा बिनधास्त, अंडं चालतंय तर.

शुद्धशाकाहारी_तरीवाला
तिरामिसूत कच्चं अंडं असतं. मी आता फक्त पाणी पितो.

भटकभवानी
डॉक्टर, वाचवलंत, मला हे एवढं सुटसुटीत कधी सांगता आलं नसतं.

त्यात एक भर. मेनूवर तोर्तेल्लिनी आणि तोर्तेल्लोनी हे भरलेल्या पास्त्याचे प्रकार वेगवेगळे. लहान ते तोर्तेल्लिनी, त्यात डुकराचं मांस, हॅम, मोर्तादेल्ला असं सगळं भरतात आणि मांसाच्याच सुपात देतात. मोठे ते तोर्तेल्लोनी, त्यात बहुतेकदा रिकोता (मऊ चीज) आणि पालेभाजी. घाईत बोट दाखवलं की संपलं. आणि तिकडचे पियादिना, क्रेशेन्तिने हे मैद्याचे प्रकार व्हेज दिसतात पण पिठात डुकराची चरबी असू शकते, विचारायचं. हे सगळं हॉटेलात कोणी समजावून सांगत बसत नाही. क्लासमध्ये मात्र पहिल्याच दिवशी विचारता येतं, आणि मला तर वाटतं व्हेज माणसाला क्लासचा उपयोग बाकीच्यांपेक्षा जास्तच आहे, कशात काय जातं ते डोळ्यांसमोर दिसतं.

चकली_मोडली
बोलोन्याच्या लोकांबद्दल एक वाचलं होतं, ते खरं आहे का, की त्यांनी पास्त्याची रुंदी सरकारदरबारी नोंदवून ठेवलीय?

प्लिंथ_लेव्हल
खरं आहे. चेंबर ऑफ कॉमर्समध्ये, १९७२ साली. ताल्यातेल्लेची पट्टी शिजल्यावर ८ मिलिमीटर पाहिजे, म्हणजे असिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७० वा भाग. सोन्याची पट्टी करून ठेवलीय. मनोरा ९७ मीटर, भागून बघा, जवळजवळ तेवढंच येतं. रागूची (तिथला मांसाचा सॉस) कृती १९८२ ला नोंदवली आणि २०२३ ला सुधारून परत नोंदवली. त्यात दूधही आहे. आणि स्पॅगेटी बोलोनीज नावाचं काही तिथे मागू नये, रागू ताल्यातेल्लेबरोबर.

चकली_मोडली
मग आपल्या मराठा चेंबरने मिसळीच्या तर्रीची जाडी नोंदवून घ्यायला काय हरकत आहे? शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाच्या उंचीचा अमुकावा भाग.

कोथरूडचा_काका
तर्री कोल्हापूरची. पुण्याची मिसळ गोड. पेटवलं, आता निघतो.

शुद्धशाकाहारी_तरीवाला
गोड कोणाची म्हणता?? पेठेत येऊन बोला.

संपादक
मिसळीवरच्या पुढच्या सतरा प्रतिक्रिया उडवल्या आहेत. त्यासाठी आधीच चार धागे आहेत, तिथे भांडा. इथे विषय बोलोन्या.

सुमनकाकू_सदाशिव
अगं तिरकी रेघ, मी वयाने बरीच मोठी आहे म्हणून अगं म्हणते. आमच्या वेळी मे महिना आला की घरोघरी क्लास निघायचे, कोणाकडे केक आणि आयसिंग, कोणाकडे पंजाबी भाज्या, कोणाकडे रुखवताच्या वस्तू. कॉलेजच्या मुली सुट्टीत जायच्या. वही घालायची, त्यात "साखर पाऊण वाटी" असं बाई सांगतील तसं उतरवायचं. त्यातल्या किती भाज्या पुढे केल्या म्हणशील तर फार नाही. वह्या माळ्यावर आहेत. पण नवीन ओळखी झाल्या, त्या बायका अजून भिशीत भेटतात. आणि दुसऱ्याच्या ओट्यावर काम करायची सवय लागते. कुठे चमचा ठेवायचा, कोणी न सांगता फडकं कसं पिळून टाकायचं, चव घ्यायची तर हातावर घ्यायची, हे घरी आईच्या हाताखाली कोणी शिकत नाही कारण आई स्वतःच सगळं करून टाकते.

तू परक्या देशात एकटी जाणार. दिवसभर लेक्चर आणि मग खोलीत बसून मोबाइल, असं होऊ देऊ नकोस. क्लास लाव. आईला सांग काकूंनी सांगितलंय.

अर्धा_कप
काकू, ओळखीच करायच्या तर भाषेच्या तासालाही होतील की. तेही ऐच्छिकमध्ये असेलच.

हॅम्बुर्गचा_हणमंत
@अर्धा_कप, भाषेच्या बाबतीत माझा अनुभव बरोबर उलटा आहे. मी पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला जर्मन शिकून गेलो होतो, बी वन ही मधली पातळी झालेली, कागदावर सगळं छान. तिकडे गेल्यावर समर इंटर्नशिपच्या काळात फोल्क्सहोखशूलेचा कुकिंग कोर्स लावला. (ही तिकडची प्रौढ शिक्षणाची केंद्रं, गावागावात असतात, सरकारी मदतीवर चालतात त्यामुळे फी माफक. जर्मनीला जाणाऱ्यांनी हे लिहून ठेवा, खासगी क्लासच्या वाटेला जाऊ नका.) तिथे सगळं जर्मनमधून. "आच मंद कर, खाली लागतंय" हे मला कोणत्याही परीक्षेने शिकवलं नव्हतं. आणि भाषेच्या तासाला आपण चुकलो की ओशाळतो, इथे सॉस खाली लागत असतो त्यामुळे व्याकरणाकडे कोणाचं लक्ष नसतं, तोंडाला येईल ते बोलायचं. माझं बोलणं तिथे सुटलं.

हंगामाचंही तिथेच कळलं. पांढऱ्या अ‍ॅस्परॅगसचं त्यांना केवढं वेड, आणि २४ जूनला हंगाम संपला म्हणजे संपला, पुढच्या वर्षापर्यंत कोणी नाव काढत नाही.

अवांतर: हॉस्टेलच्या किचनमध्ये फोडणी करायची असेल तर धूर पकडणारा अलार्म कुठे आहे ते आधी बघणे. आमच्या मजल्यावर एका नाशिकच्या मुलाने सुक्या मिरचीची खमंग फोडणी दिली आणि पाचव्या मिनिटाला सगळी बिल्डिंग खाली रस्त्यावर, अग्निशमनवाले शिडीसकट. आमटी मात्र झकास झाली होती, नंतर त्यातल्याच एकाने विचारलं हे काय आहे म्हणून.

चकली_मोडली
बिल कोणी भरलं?

हॅम्बुर्गचा_हणमंत
तो विषय त्याच्यासमोर काढत नाही आम्ही.

माहेर_चिंचवड
फोडणीवरून आठवलं, सामानात काय न्यावं? माझी पण भाची यंदा फ्रान्सला चाललीय. साजूक तूप, आंबे, कढीपत्ता, सुकं खोबरं अशी यादी केलीय.

डॉ_दही
त्या यादीतलं एकही चालत नाही, काय नेम आहे तुमचा! युरोपियन युनियनमध्ये बाहेरून येणाऱ्या प्रवाशाने दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, म्हणजे तूप गेलं, पेढेही गेले. ताजी फळं, भाज्या, पानं यांना फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (कीड-रोग नसल्याचा सरकारी दाखला) लागतं, सूट फक्त अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजुराला. म्हणजे हापूस आणि कढीपत्ता गेला. सुकं खोबरं तेलामुळे आपोआप पेटू शकतं म्हणून विमानातच घेत नाहीत. न्या ते मेतकूट, थालीपिठाची भाजणी, गोडा मसाला, हिंग (तीन पिशव्यांत गुंडाळून), बाकरवडी.

सुमनकाकू_सदाशिव
गोड्या मसाल्यात खोबरं असतंच की हो डॉक्टर.

डॉ_दही
काकू, ते भाजून कुटलेलं, बेतानेच असतं. तुम्ही आता मला कस्टम्ससमोर उभं करू नका.

भटकभवानी
डाळ-हळद-मिरचीची काळजी करू नका. इटलीत बांगलादेशी लोकांची किराणा दुकानं भरपूर आहेत, बोलोन्यातही. मुगाची डाळ, हिरवी मिरची, कोथिंबीर सगळं मिळतं. कढीपत्त्याची हमी नाही.

सोमवारी_उपास
मी थायलंडमध्ये चिआंग माईला समर स्कूलला असताना असा क्लास केलाय. तिथला क्लास बाजारातूनच सुरू होतो, आधी भाज्या, पानं, मुळं दाखवतात, गलंगल आणि आलं वेगळं, काफिर लाइमची पानं, तीन प्रकारची तुळस, मग दगडी खलात करीची पेस्ट कुटायला लावतात. हात भरून येतात. व्हेज लोकांना सांगायचं म्हणजे थाई पेस्टमध्ये कोळंबीची पेस्ट असते आणि जवळजवळ सगळ्यात फिश सॉस, नुसतं "नो मीट" म्हणून भागत नाही. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात 'जे' (तिकडचं कडक शाकाहारी) लिहिलेलं दुकान शोधायचं. त्यांच्यात कांदा-लसूणही नसतो, आमच्या बॅचमधली एक जैन मैत्रीण त्यावर महिनाभर सुखात जगली. क्लासमध्ये मात्र माझी पेस्ट मीच कुटत होते त्यामुळे कोळंबी वगळली, फिश सॉसच्या जागी सोया सॉस. तेव्हा मुद्दा हा की स्वतःच्या हाताने करायचा क्लास असेल तर व्हेजला अडचण कमी. एकच मोठं पातेलं आणि सगळ्यांनी भोवती उभं राहायचं असा असेल तर मात्र तू फक्त प्रेक्षक.

तिरकी_रेघ
हे फार कामाचं सांगितलंत. विचारते त्यांना.

तळाची_खरवड
सोमवारी_उपास यांचं शंभर टक्के खरं. माझा अनुभव त्या मोठ्या पातेल्याचाच. स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला एक्स्चेंजवर असताना विद्यापीठातर्फे पायेयाचा (तिथला भाताचा प्रकार) क्लास होता. एवढी मोठी पसरट कढई, त्यात कोंबडी आणि ससा. होय, ससा, तिथल्या मूळ पायेयात तोच असतो, कोळंबी-शिंपले नंतरचे. आम्हा दोन शाकाहाऱ्यांना कोपऱ्यात छोटी कढई दिली आणि सांगितलं तुमचं तुम्ही बघा. झालं असं की मोठ्या कढईवर वीस जण आणि चमचा एकाच्याच हातात, आमच्या छोटीवर आम्ही दोघंच, त्यामुळे खरं शिकलो आम्ही. तांदूळ घातला की ढवळायचं नाही, अजिबात नाही, शेवटी आच वाढवायची आणि कानाने ऐकायचं, तडतड वाजायला लागलं की खाली खरवड धरली. ती खरवड म्हणजेच त्यातला मान. माझी आयडी तिथूनच.

अर्धा_कप
ठीक आहे, मी थोडा नमतो. क्लास करा, पण तो आठवण म्हणून करा, "स्वयंपाक येऊ लागेल" म्हणून नको. चार संध्याकाळीत कोणाला स्वयंपाक येत नाही. घरी रोज दोन माणसांचं करायला लागलं की येतो.

हिशेबनीस
माझं मत तेच. राव्हेन्ना.

तिरकी_रेघ
अपडेट. कोर्सवाल्यांना मेल केली. राव्हेन्ना कोर्समध्येच आहे हिशेबनीसकाका :) क्लासमध्ये प्रत्येकाला वेगळी फळी आणि लाटणं, बारा जणांची बॅच, रागूच्या दिवशी व्हेज लोकांना मशरूमचा सॉस. चीजबद्दल विचारलं तर उत्तर आलं की "आमच्याकडे शाकाहारी विद्यार्थी नेहमी येतात, सगळ्यांना पार्मिज्यानो आवडतं". म्हणजे कोणी सांगितलेलंच नाही त्यांना. बाबांना आकडा सांगितलाय. पैसे भरले.

शुद्धशाकाहारी_तरीवाला
माझ्यासारखे किती असतील तिकडे बिचारे, किसून किसून खाणारे.

कोथरूडचा_काका
जाऊन आल्यावर वृत्तांत टाकणे. न टाकल्यास धागा वर काढत राहीन.

कोथरूडचा_काका
वर काढतोय. जुलै संपत आला.

तिरकी_रेघ
काका, लिहितेच होते. अजून बोलोन्यातच आहे, उकाड्याने जीव नकोसा झालाय, हॉस्टेलला एसी नाही, खिडक्यांच्या झडपा दिवसभर लावून ठेवायच्या असं इथल्या लोकांनी शिकवलं, त्याने खरंच फरक पडतो.

क्लास. शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या असतील, इंग्लिश जेमतेम, मदतीला एक विद्यार्थिनी होती भाषांतराला पण ती दुसऱ्या आठवड्यापासून यायचीच बंद झाली. त्याने बिघडलं नाही, हणमंतदादा म्हणाले तसंच झालं. पीठ मळायला पहिल्या संध्याकाळी सगळा वेळ गेला. या हवेत पोळी फार पटकन सुकते आणि कडा तडकतात, म्हणून बाई पंखाच बंद करायच्या, बारा माणसं घामाने निथळत लाटतायत असं दृश्य. भटकभवानीताई, "लांब ढकल" हे वाक्य मला आता इटालियनमध्ये झोपेतही ऐकू येतं. माझी पोळी गोल नव्हती, कोणाचीच नव्हती, बाईंना त्याचं काही नव्हतं, त्या प्रत्येकाची पोळी उचलून उजेडासमोर धरायच्या आणि पलीकडचा हात दिसला तर मान डोलवायच्या. नाहीतर परत गोळा.

मशरूमचा सॉस बरा, पण खरी मजा तोर्तेल्लोनीची. घडी घालून बोटाभोवती वळवायची ती एकदा जमली की थांबवत नाही. चीजचं मी पहिल्याच दिवशी सांगितलं, रेनेटचं. बाईंना वाटलं मला अ‍ॅलर्जी आहे. पुढच्या वेळी त्यांनी शोधून दुसरं एक आणलं आणि स्वतः चाखून तोंड वाकडं केलं. खरं सांगायचं तर ते तेवढं चांगलं नव्हतंच, पण बॅचमधल्या आणखी एका मुलीने हळूच येऊन विचारलं, हे कुठे मिळतं.

अडीचशे वसूल झाले का? शेवटचा आठवडा निव्वळ तिरामिसूत घालवला, तो मला पसरट वाटला, ते अर्ध्या तासाचं काम आहे. तीन संध्याकाळी असत्या आणि पैसे तेवढे कमी असते तर जास्त बरं. पण एक झालं, साइटवर माझ्या गटातले लोक नुसते मोजमापाचे गटवाले होते, ते क्लासमुळे बाजारात बरोबर यायला लागले. आता आम्ही आठवड्यातून दोनदा हॉस्टेलच्या किचनमध्ये मिळून करतो, खर्च बाहेरच्या जेवणाच्या निम्म्याहून कमी. परवा भाजणीचं थालीपीठ लावलं, ब्राझीलच्या मुलाने त्यावर मास्कारपोने फासलं. लोणी म्हणून चालून गेलं.

हिशेबनीस
निम्म्याहून कमी म्हणजे नक्की किती? तक्ता असेल तर टाक.

सुमनकाकू_सदाशिव
छान गं. लाटणं आणू नकोस मीटरभराचं, विमानात घेणार नाहीत.

तिरकी_रेघ
घेतलंय काकू, बाईंनी ओळखीच्या सुताराकडून करून दिलं. ए-वनच्या ड्रॉइंग ट्यूबमध्ये बसतं, मोजून बघितलं.

प्लिंथ_लेव्हल
आर्किटेक्चरच्या शिक्षणाचा एवढा थेट उपयोग मी प्रथमच बघतोय.

माहेर_चिंचवड
जरा विचारायचं होतं. भाचीला प्रेशर कुकर नेऊ द्यावा का? तिकडे इंडक्शन आहे म्हणते.

संपादक
कुकरसाठी नवा धागा काढावा, ही विनंती.

कोथरूडचा_काका
काढा काढा, खुर्ची तिकडे नेतो.